लँगफर्ड की कार्टर? टॅलेंट तेवढंच, हजेरी वेगळी

एफपीएल खेळणाऱ्या प्रत्येकाला हे दुखणं ठाऊक आहे. टीममध्ये एकच जागा उरलीय, डेडलाइन डोक्यावर आलीय आणि समोर दोन तरुण खेळाडू आहेत. एकाने मध्यंतरी महिनाभर नुसता कहर केला होता, दुसरा गुपचूप आपलं काम करतोय. ग्रुपवर दोन तट पडलेत. तुम्ही कसंबसं मन घट्ट करून एकाला घेता आणि त्याच वीकेंडला बाहेर ठेवलेला दुसरा हॅटट्रिक मारतो!

अमेरिकेतल्या फँटसी बेसबॉलमध्ये हेच दुखणं सहा महिने चालतं. तिथे प्रत्येक टीमचे १६२ सामने होतात, जवळजवळ रोज एक. या खेळात गेली दोन वर्षं गाजलेली एक जोडी म्हणजे टेक्सास रेंजर्सचे वायट लँगफर्ड आणि इव्हन कार्टर. दोघेही आउटफिल्डर, दोघेही एकाच टीमचे, वयात जेमतेम नऊ महिन्यांचं अंतर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात २०२६ चा हंगाम सुरू होतोय आणि फँटसी टीम बांधणाऱ्यांपुढे पुन्हा तोच प्रश्न आहे : आउटफिल्डमधली शेवटची जागा कुणाला द्यायची?

बेसबॉल कधी पाहिलं नसेल तरी वाचणं थांबवू नका. हा प्रश्न खरं तर बेसबॉलपुरता नाहीच. एखाद्या माणसाबद्दल मत बनवायला किती पुरावा पुरतो, हा तो प्रश्न आहे. आणि तो प्रश्न प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला बसणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ

आउटफिल्डर म्हणजे क्रिकेटच्या भाषेत लांबवर सीमारेषेकडे उभे राहणारे तीन फील्डर : लेफ्ट, सेंटर आणि राइट. पण फँटसीत त्यांच्या कॅचना किंमत नसते. किंमत असते बॅटिंगला. नेहमीच्या लीगमध्ये बॅटरची पाच गोष्टींत मोजदाद होते : बॅटिंग अ‍ॅव्हरेज, होम रन, रन, आरबीआय म्हणजे आपल्या फटक्यावर इतरांना किती वेळा घरी आणलं, आणि स्टील म्हणजे पिचरची नजर चुकवून किती बेस चोरले. हा खेळ १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या लेखकाने मित्रांना घेऊन न्यूयॉर्कमध्ये सुरू केला. ज्या रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जमायची त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ म्हणू लागले आणि आजही या पद्धतीला ‘रोटो’च म्हणतात.

बॅटिंग अ‍ॅव्हरेजचा हिशोब आपल्या क्रिकेटपेक्षा वेगळा आहे. दहा वेळा बॅटिंगला येऊन तीन हिट मिळाले तर अ‍ॅव्हरेज ०.३००, आणि तो उत्तम बॅटर मानला जातो. २०२५ मध्ये सगळ्या मेजर लीगचं मिळून अ‍ॅव्हरेज ०.२४५ च्या आसपास होतं. म्हणजे चारातल्या तीन वेळा अपयश, हे तिथलं नॉर्मल आहे. हे डोक्यात असू द्या, पुढे लागेल.

एक महिना आणि एक वर्ल्ड सिरीज

इव्हन कार्टर टेनेसीतल्या एलिझाबेथटन या छोट्या गावचा. २०२० च्या ड्राफ्टमध्ये रेंजर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत घेतलं तेव्हा जाणकारांनीही भुवया उंचावल्या. होतकरू खेळाडूंच्या मोठमोठ्या याद्या निघतात, त्यांत या पोराचं नावच नव्हतं. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, नुकतीच एकविशी गाठलेला कार्टर मेजर लीगमध्ये आला आणि त्याने धमाल उडवून दिली. २३ सामने, ५ होम रन, अ‍ॅव्हरेज ०.३०६. त्यानंतरच्या प्लेऑफमध्ये तो सगळेच्या सगळे १७ सामने खेळला आणि प्रत्येक सामन्यात किमान एकदा बेसवर पोहोचला. एका पोस्टसीझनमध्ये ९ डबल मारण्याचा विक्रमही त्याने केला. रेंजर्सनी त्या वर्षी अ‍ॅरिझोनाला हरवून आपली पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. वाईट बॉलला बॅट न लावता शेवटच्या बॉलपर्यंत पिचरला झुंजवायचं, या सवयीमुळे त्याचं नाव पडलं ‘फुल काउंट कार्टर’.

वायट लँगफर्डची गोष्ट उलटी आहे. तो कधी लपलेला नव्हताच. फ्लोरिडा विद्यापीठाचा स्टार, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये देशात चौथा. खालच्या लीगमध्ये तो जेमतेम ४४ सामने खेळला आणि २०२४ च्या सराव सामन्यांत ६ होम रन मारून थेट पहिल्या दिवसाच्या टीममध्ये आला.

म्हणजे मार्च २०२४ मध्ये चित्र असं होतं : एकाकडे वर्ल्ड सिरीजची अंगठी आणि एक झगमगता महिना, दुसऱ्याकडे कॉलेजचं नाव आणि सराव सामन्यांचे आकडे. कुणाला घ्यायचं? खरं सांगायचं तर दोघांचाही पुरावा तेव्हा तुटपुंजाच होता.

चार हिटची किंमत

इथे थोडं गणित करू. सप्टेंबर २०२३ मधलं कार्टरचं ०.३०६ हे अ‍ॅव्हरेज आलं कुठून? ६२ वेळा अधिकृत बॅटिंग, त्यात १९ हिट. आता समजा, त्यातले फक्त चार हिट फील्डरच्या हातात गेले असते. वारा उलटा असता, समोरचा सेंटर फील्डर दोन पावलं डावीकडे उभा असता, तर हे सहज झालं असतं. मग हिट १५ आणि अ‍ॅव्हरेज थेट ०.२४२. लीगच्या अ‍ॅव्हरेजपेक्षाही किंचित खाली!

‘उद्याचा सुपरस्टार’ आणि ‘बरा आहे’ या दोन हेडलाइनमधलं अंतर एवढंच : चार हिट. आकडेशास्त्र शिकणाऱ्यांना हे नवं नाही. सॅम्पल लहान असलं की नशीब मोठं दिसतं.

गंमत म्हणजे हाच नियम लँगफर्डला उलट्या बाजूने लागू झाला. २०२४ चा एप्रिल संपत आला तरी त्याच्या नावावर एकही होम रन नव्हता. पहिला आला २८ एप्रिलला, तोही बॉल कुंपणाबाहेर न जाता. फील्डर बॉल आणेपर्यंत हा चारही बेस धावून घरी पोहोचला. त्यात मे महिन्यात मांडीचा स्नायू दुखावला. ज्यांनी वाट पाहिली त्यांना पुढे व्याजासकट मिळालं. ३० जूनला त्याने सिंगल, डबल, ट्रिपल आणि होम रन असे चारही फटके एकाच सामन्यात मारले, म्हणजे ‘सायकल’ पूर्ण केली. सप्टेंबरच्या सुरुवातीला यांकीजविरुद्ध शेवटच्या क्षणी चार रनांचा ग्रँड स्लॅम मारून सामना खेचून आणला, महिन्याभरात ८ होम रन मारले आणि अमेरिकन लीगचा त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. पहिल्या वर्षाचा हिशोब : १६ होम रन, १९ स्टील.

आणि कार्टर? २०२४ मध्ये ४५ सामने, अ‍ॅव्हरेज ०.१८८. मेच्या अखेरीस पाठीच्या दुखण्याने तो बाहेर गेला, तो त्या वर्षी परतलाच नाही. ज्यांनी त्याला मार्चमध्ये डोक्यावर घेतलं होतं त्यांनी तेवढ्याच वेगाने खाली आपटलं. ‘बस्ट’ हा फँटसीतला शिव्यांसारखा शब्द त्याला चिकटला. पण थांबा. सप्टेंबर २०२३ चे २३ सामने मत बनवायला कमी असतील, तर २०२४ चे ४५ सामने, तेही दुखत्या पाठीने खेळलेले, पुरेसे कसे? नियम लावायचा तर दोन्हीकडे लावायला हवा. स्तुतीसाठी जेवढा पुरावा मागतो तेवढाच निंदेसाठीही मागायला हवा.

खरा फरक हजेरीपटावर

आता दोघांची तीन वर्षांची कुंडली शेजारी शेजारी ठेवू. कार्टरने २०२३ मध्ये २३, २०२४ मध्ये ४५ आणि २०२५ मध्ये ६३ सामने खेळले. २०२५ ची सुरुवात त्याने खालच्या ट्रिपल-ए लीगमध्ये केली, मेमध्ये वर आला, अधूनमधून दुखापतींनी गाठलं आणि ऑगस्टमध्ये पिचरचा बॉल लागून मनगटाचं हाड मोडलं. तिन्ही वर्षांची बेरीज : १३१ सामने. लँगफर्ड एकट्या २०२४ मध्ये १३४ सामने खेळला आणि २०२५ मध्ये पुन्हा १३४.

आता पुढचं बघा. कार्टरच्या त्या १३१ सामन्यांत १५ होम रन आणि वीसच्या आसपास स्टील आहेत. लँगफर्डच्या पहिल्या वर्षाच्या १३४ सामन्यांत १६ होम रन आणि १९ स्टील. जवळजवळ कार्बन कॉपी! जे काम लँगफर्डने एका हंगामात केलं, तेच काम करायला कार्टरला तीन हंगाम लागले. मैदानावर असताना दोघांत वाटतो तेवढा फरक नाही. फरक आहे तो मैदानावर असण्यात.

कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर २०२५ मध्ये लँगफर्डची हजेरी ८२ टक्क्यांच्या पुढे आहे आणि कार्टरची ३९ टक्के. डिफॉल्टर लिस्ट लागली तर कुणाचं नाव नोटीस बोर्डवर येईल, ते सांगायला नको. आणि जसं आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेट दिलं तरी बुडालेलं लेक्चर परत होत नाही, तसंच इथे. दुखापत ही कार्टरची चूक नाही, पण न खेळलेल्या सामन्यात होम रन मिळत नाहीत.

म्हणूनच ‘६३ सामन्यांत १४ स्टील, म्हणजे पूर्ण वर्ष खेळला तर तीसच्या वर’ हा गुणाकार करणाऱ्यांपासून सावध राहा. गुणाकार बरोबर आहे, पण ‘पूर्ण वर्ष खेळला तर’ हा त्यातला सगळ्यात महाग शब्दसमूह आहे. लँगफर्डच्या बाबतीत असा गुणाकार करावाच लागत नाही. २०२५ मध्ये त्याने प्रत्यक्षात २२ होम रन मारले आणि २२ बेस चोरले. त्यालाही दुखापती झाल्या, तोही अधूनमधून बाहेर बसला. पण आकडे हातात आहेत, हवेत नाहीत.

डाव्या हाताचं कोडं

हजेरीचं आणखी एक कारण आहे आणि ते दुखापतीचं नाही. कार्टर डावखुरा बॅटर आहे. ऑफस्पिनरचा बॉल डावखुऱ्या बॅट्समनपासून बाहेर वळतो आणि त्याला छळतो, हे तुम्ही हजारदा पाहिलंय. बेसबॉलमध्ये डावखुऱ्या पिचरचा वळणारा बॉल डावखुऱ्या बॅटरला तसाच छळतो. डावखुऱ्या पिचरसमोर कार्टर आजवर चाचपडतच आलाय. त्यामुळे समोर डावखुरा पिचर असला की मॅनेजर त्याला बसवून उजव्या हाताच्या बॅटरला खेळवतो. बहुतेक पिचर उजव्या हाताचे असतात, त्यामुळे त्याचं नुकसान मर्यादित आहे. तरीही आठवड्यात एखाद-दुसरा सामना असाच जातो. लँगफर्ड उजव्या हाताचा. समोर कोणीही असो, तो खेळतोच.

पण या हंगामात एक गोष्ट बदललीय. रेंजर्सनी या हिवाळ्यात घर झाडून काढलं. वर्ल्ड सिरीज जिंकून देणारे मॅनेजर ब्रूस बोची गेले, त्यांच्या जागी स्किप शूमाकर आले. आउटफिल्डमधला जुना हिरो अडोलिस गार्सियाला टीमने सोडून दिलं. मार्कस सेमियनच्या बदल्यात न्यूयॉर्क मेट्सकडून ब्रँडन निम्मो आला. म्हणजे तीन जागांसाठी निम्मो, लँगफर्ड आणि कार्टर हे तिघं समोर दिसतात. फिट असेल तर कार्टरला सेंटर फील्डमध्ये इतकी मोकळी वाट आजवर कधीच मिळाली नव्हती. त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे.

कुठल्या पेपरात कुणाला मार्क

दुसरा मुद्दा त्याहून मजेशीर आहे. कार्टरचं सगळ्यात मोठं कौशल्य कोणतं? वाईट बॉल सोडून देणं. चार वाईट बॉल सोडले की बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो, त्याला ‘वॉक’ म्हणतात. खऱ्या बेसबॉलमध्ये वॉकला मोठी किंमत आहे. अ‍ॅव्हरेजच्या तुलनेत ही सवय लवकर ओळखूही येते. थोड्या सामन्यांतही ती नशिबाने फारशी बदलत नाही. पण नेहमीच्या रोटो लीगमधल्या पाच कॉलमांत वॉकला जागाच नाही! म्हणजे पोरगा ज्या विषयात हुशार, तो विषय परीक्षेतच नाही.

काही लीग अ‍ॅव्हरेजच्या जागी ‘ऑन-बेस’ टक्केवारी धरतात. हिट मारून आलात की वॉक घेऊन, बेसवर पोहोचलात याला महत्त्व. तिथे कार्टरची किंमत वाढते. अर्थात लँगफर्डचीही वाढते. २०२५ मध्ये त्याचं अ‍ॅव्हरेज फक्त ०.२४१ होतं, पण ऑन-बेस ०.३४४. त्यामुळे ‘चांगला कोण’ हे विचारण्याआधी ‘आपल्या लीगमध्ये मोजतात काय’ हे बघा. हा नियम फँटसीच्या बाहेरही लागू पडतो. सीजीपीएत चमकणारा आणि ग्रुप प्रोजेक्ट तडीस नेणारा हे दोघं बहुतेक वर्गांत वेगवेगळे असतात. दोघांतलं चांगलं कोण, हे पेपर काढणारा ठरवतो.

मग निकाल काय?

आउटफिल्डमधली एकच जागा असेल आणि दोघंही एकाच भावात मिळत असतील, तर डोळे झाकून लँगफर्ड. त्याला स्टार्टर करा आणि रोजची काळजी सोडा.

पण बाजारात दोघं एकाच भावात मिळत नाहीत. लँगफर्डसाठी सुरुवातीच्या फेऱ्यांतलं मोलाचं तिकीट खर्च करावं लागतं. कार्टर शेवटच्या फेऱ्यांत, जवळजवळ सुट्या पैशांत मिळतो. इथे लीगचा आकार बघायचा. दहा जणांची लीग असेल तर मोकळ्या खेळाडूंत बरे पर्याय पडलेले असतात. कार्टर जखमी झाला तर त्याला इंज्युर्ड लिस्टच्या जागेत ठेवा, पर्यायी खेळाडू आणा. तुम्हाला कार्टरचे ६३ सामने अधिक दुसऱ्याचे उरलेले सामने मिळतात. तोटा फारसा नाही. पंधरा जणांच्या लीगमध्ये, जिथे प्रत्येकाला पाच-पाच आउटफिल्डर लागतात, तिथे बाहेर गाळच उरलेला असतो. तिथे हा जुगार महागात पडतो.

दुसरं, रोज टीम बदलता येते की आठवड्यातून एकदा? रोज बदलता येत असेल तर डावखुऱ्या पिचरच्या दिवशी कार्टरला बाकावर बसवा, प्रश्न मिटला. आठवड्याची लीग असेल तर ते रिकामे दिवस तुमच्याच खात्यात पडतात.

आणि हंगाम सुरू झाल्यावर काय बघायचं? कार्टरचं अ‍ॅव्हरेज नको. पहिल्या महिन्याचं अ‍ॅव्हरेज काय खेळ करतं, ते दोघांनीही दाखवून दिलंय. बघायचं ते हे : मे संपेपर्यंत तो किती सामने खेळला, आणि शूमाकर त्याला डावखुऱ्या पिचरसमोर उभा करतात का. मे अखेरीपर्यंत टीमचे ५५-६० सामने झालेले असतील. त्यातल्या पन्नासात कार्टर दिसला, तर अ‍ॅव्हरेज काहीही असो, तो घेण्यासारखा आहे.

आकड्यांच्या मागे माणूस

हे सगळं आपण फुकटात, गंमत म्हणून बोलतोय, हे बरं आहे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायच्या फँटसी गेमना कुलूप लागलं. मुंबईच्या ड्रीम इलेव्हननेही पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. कायदा योग्य की अयोग्य यावर वाद आहेत. पण एक फरक लक्षात घ्या. एका सामन्याच्या फँटसीत सॅम्पल असतं एका संध्याकाळचं. तिथे चार हिटच काय, एक हिटही सगळं ठरवतो. पूर्ण हंगामाच्या फँटसीत धीर धरणाऱ्याला थोडं तरी हातात लागतं. पहिल्यात पैसे लावणारा खेळाडूवर पैसे लावतोय असं त्याला वाटतं. बरेचदा तो नशिबावरच लावत असतो.

आणि नशीब फिरलं की राग निघतो खेळाडूवर. मे २०२५ मध्ये ह्यूस्टनचा पिचर लान्स मॅककलर्सचा एक दिवस वाईट गेला, तर त्याच्या लहान मुलांना मारायच्या धमक्या आल्या. पोलिसांनी माग काढला तेव्हा धमकी देणारा परदेशात बसून पैसे लावलेला आणि हरलेला माणूस निघाला.

इव्हन कार्टर आज २३ वर्षांचा आहे. तुमच्यापैकी एमए-एमएस्सीला असलेल्यांच्या वयाचा. एकविसाव्या वर्षी तो हिरो होता, बाविशी लागायच्या आधीच ‘बस्ट’. या काळात त्याची पाठ दुखत होती, आणि आपण बघत होतो त्याचा ०.१८८ हा आकडा. त्याला टीममध्ये घेऊ नका, हरकत नाही; हजेरीच्या हिशोबाने तो निर्णय बरोबरच आहे. फक्त ‘याला आत्ता घेणं परवडत नाही’ आणि ‘हा संपला’ ही दोन वाक्यं वेगळी आहेत. पहिलं म्हणायला १३१ सामने पुरतात. दुसरं म्हणायला अजून खूप कमी आहेत.